बोटभर जास्त

नारायणअण्णा आधी बंदुकीकडे बघतच नसत. गिऱ्हाइकाने पेटी उघडून कितीही भारी बंदूक बाकावर ठेवली, तरी ते तिच्यावर एक पिवळं फडकं टाकत आणि म्हणत, "हिचं नंतर. तुम्ही उभे राहा सरळ." मग गळ्यातली शिंप्याची टेप हातात घेऊन ते त्या माणसाभोवती फिरत. मानेची लांबी, खांद्याची उतरण, गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंतचं अंतर, कोपराच्या खोबणीपासून चापावर येणाऱ्या बोटापर्यंतचा हात. बाई असली तर ते स्वतः टेप लावत नसत. टेपचं टोक तिच्याच हातात देऊन, "अक्का, तुम्ही धरा, मी फक्त वाचतो," म्हणत. वीस वर्षांची मुलगी असो की साठीची बाई, सगळ्या अक्का. आकडे वहीत नाही, तर शिंप्याच्या खडूने बाकाच्या कडेवर लिहायचे आणि काम झालं की ओल्या बोटाने पुसून टाकायचे.

बाक त्यांचा होता, दुकान नव्हतं. बंगळुरातल्या शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, बंदुकांचं एक जुनं परवानाधारक दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या खिडकीशी अण्णांचा बाक होता. लोखंडाला ते हात लावत नसत. नळी, चाप, घोडा हे दुसऱ्यांचं काम. अण्णांचं काम फक्त दस्त्याचं, म्हणजे बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला आणि गालाला टेकतो, त्याचं. माणसाच्या अंगाला बंदूक तेवढीच लागते, बाकीची हवेतच असते, असं ते म्हणत.

त्यांच्या घरात तीन पिढ्या शिंपीकाम. आजोबा कॅन्टोन्मेंटमधल्या साहेबांचे युनिफॉर्म शिवायचे, वडीलही तेच. तरुणपणी अण्णा एका नेमबाजाचा कोट पोचवायला रेंजवर गेले. कोट त्याला असा बसला होता की बघत राहावं. त्याने बंदूक उचलली आणि सगळं बिघडलं. मान वाकडी झाली, कोपर पडला, कोटाची पाठ चुणली. "कोट अंगावर बसला होता की, बंदूक बसली नव्हती," अण्णा सांगायचे. "घरी येऊन वडलांना म्हटलं, मी कोट नाही शिवणार, बंदूक शिवणार. वडील आठ दिवस बोलले नाहीत."

मी त्यांच्याकडे गेले ती भांडायला. मी निपाणीची. माझ्या वडिलांचं विडी कामगारांची पत्रकं छापण्यात आयुष्य गेलं. आमच्या घरी कोरी वही क्वचित असायची. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, शुद्धलेखन लिहिलं, आणि पहिली कविताही. बंदूक म्हणजे मालकाच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावरची वस्तू, एवढीच माझी ओळख. त्यामुळे कोरमंगलाच्या पीजीत माझ्या खोलीत राहायला आलेल्या मुलीने पलंगाखाली काडतुसांचा पट्टा ठेवायला जागा मागितली, तेव्हा मी तिला अर्धा तास व्याख्यान दिलं.

ती शलाका. नागपूरची, सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी, चप्पल घालून चार फूट दहा इंच. माझं व्याख्यान संपल्यावर ती म्हणाली, "झालं? आता पट्टा कुठे ठेवू?"

ती तबकड्या फोडायची. रेंजवर जमिनीतल्या यंत्रातून मातीची तबकडी सुसाट उडते, ती हवेतच फोडायची, हा तो खेळ. वडिलांनी तिला लहानपणी शिकवला होता. बंगळुरात आल्यावर ती इथल्या एका क्लबची सभासद झाली, आणि क्लबने तिच्या हातात त्यांची 'लेडीज गन' दिली. हलकी, बारकी, दिसायला छान. महिनाभरात तिच्या गालावर आणि खांद्यावर निळे डाग उमटले. आमच्या पीजीच्या मालकीणबाईंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं की, हिला कोण मारतं, पोलिसात जायचं का. मी सांगितलं, बंदूक मारते. त्यांना ते जास्तच भयंकर वाटलं.

क्लबमधल्या सहाही बायकांची हीच गत होती. कोच म्हणायचे, सवय होईल. तिघी सोडून गेल्या तेव्हा म्हणाले, बायकांच्या अंगात तेवढा जोर नसतो. शेवटी शलाकाच्या वडिलांनी आपल्या बंदुकीचा परवाना तिच्या नावावर करून दिला आणि स्वतःची जुनी बारा बोअर पाठवली. ते सहा फुटी. बंदूक त्यांच्या मापाची, आणि लेडीज गनपेक्षा चांगली किलोभर जड. राज्याच्या निवडचाचणीला दोन महिने होते. क्लबमधल्या कुणीतरी तिला सांगितलं की शिवाजीनगरला एक म्हातारा आहे.

या धंद्यातल्या माणसाला चार शब्द सुनवायला मीही तिच्याबरोबर गेले. त्या दिवशी अण्णांनी बंदुकीवर फडकं टाकलं, शलाकाची मापं घेतली, आणि मग तिला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली. "आता उघडा. काय दिसतं?"

"नळीची पाठ दिसते नुसती. समोरचं काही नाही."

"सरी, बरोबर आहे. बंदूक समोर बघते आहे, तुम्ही तिच्या पाठीत बघताय." ते हसले. "चूक बंदुकीची नाही, तुमचीही नाही. दोघींची ओळख झालेली नाही."

मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, एवढी जड बंदूक हिला झेपणार कशी, हिला उलट हलकी नको का? अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "अक्का, तुम्ही कधी लाथ खाल्ली आहे? म्हशीची नाही, शिंगराची. अंगाने हलकं असतं तेच जास्त झाडतं. जड बंदूक अर्धा धक्का आपल्यातच ठेवते. छोट्या बाईला हलकी बंदूक देतात ना, ते तिने लवकर घरी जावं म्हणून देतात." मग शलाकाकडे वळून म्हणाले की वजन पेलायला शिकता येतं, पण दुसऱ्याच्या हाताची लांबी शिकता येत नाही. दस्ता आखूड करायचा, गाल टेकतो तिथे लाकूड चढवायचं, कारण बायकांची मान उंच असते, आणि खांद्याकडची कड जरा बाहेर वळवायची. चाचणीला कुडत्यावर जाकीट घालणार का, हेही त्यांनी विचारलं. जाकिटाच्या अस्तराचा जाडपणा त्यांनी चिमटीत धरून पाहिला.

भांडायला गेलेली मी तिथे स्टूलावर बसून राहिले. नंतर शलाकाचं काम नसतानाही जाऊ लागले.

त्यांची तत्त्वं माझ्यासारखी मोठ्या आवाजाची नव्हती. बाकाएवढीच होती, पण बाकावर ती कुणाला ओलांडू देत नसत. एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. अण्णा बाईंना विचारत होते आणि उत्तरं गृहस्थ देत होते. तिला उजवा डोळा चांगला, तिला लाल लाकूड आवडेल, तिला दुखत नाही. अण्णांनी टेप गळ्यात टाकली आणि म्हणाले, "सर, कोपऱ्यावर कॉफी फार छान मिळते. स्वल्प पिऊन या." गृहस्थ गेल्यावर बाई म्हणाल्या की त्यांचा डावा डोळा चांगला आहे, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं, या वस्तूने माणसं मरतात, तुम्हाला काही वाटत नाही का? त्यांनी बराच वेळ लाकडावर कानस फिरवली. मग सांगितलं की मागे एकजण आला होता, दस्ता कापून वीतभर ठेवा म्हणाला. कशासाठी विचारलं तर गाडीच्या सीटखाली मावायला हवी. "मी म्हटलं, मी माणसाचं माप घेतो. सीटचं माप घेत नाही." तो माणूस शिव्या देऊन गेला. दुकानमालकही चिडले. अण्णा मला म्हणाले, "मला एवढंच येतं अक्का. तुमच्यासारखं भाषण येत नाही."

आणि त्यांची ती पद्धत. पहिल्या खेपेला ते कधीच पुरतं कापत नसत. हिशेबाने दस्ता दीड इंच कमी करायचा असला तर ते बोटभर जास्त ठेवून कापत. "कच्ची शिलाई उसवता येते, लाकूड नाही उसवत. आधी सहा आठवडे चालवा, अंग बदलेल, उभं राहणं बदलेल. मग या, मग उरलेलं बोट काढू." कापलेली लाकडाची चकती ते कागदात गुंडाळून परत देत, जसा इमानदार शिंपी उरलेलं कापड परत देतो. उद्या ही बंदूक दुसऱ्या कुणाकडे गेली तर त्याला लागेल, म्हणत. शलाकाने वडिलांच्या बंदुकीची ती अक्रोडाची चकती हातात घेतली तेव्हा तिचे डोळे भरले होते. अण्णा म्हणाले, "रडू नका. वडलांची बंदूक तुमची झाली नाही अजून. बोटभर त्यांचीच आहे."

शलाका तेवढ्यानेच बदलली. निळे डाग गेले. पंचवीसांतल्या तेरा-चौदा फोडणारी मुलगी एकोणीस-वीसवर गेली. आणि माझ्या डोक्यात पेटलं.

हे सगळ्या बायकांना का मिळू नये? क्लबकडे बायकांच्या मापाची एकही बंदूक नाही, उलट हलकी बंदूक देऊन त्यांना पळवून लावायचं आणि वर जोर नाही म्हणायचं. हा अन्याय मला अगदी ओळखीचा वाटला. मी पत्रक लिहिलं. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, एका पानाचं. त्यात सहा बायकांचे अनुभव होते, मागण्या होत्या, आणि मधोमध चौकटीत अण्णांचं ते वाक्य होतं. छोट्या बाईला हलकी बंदूक देतात ते तिने लवकर घरी जावं म्हणून.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. चांगलं लिहिलं आहे म्हणाले, सगळं खरं आहे म्हणाले. मग म्हणाले, "माझं नाव नको, अक्का."

मी कारण विचारलं.

"शिंप्याचं नाव कॉलरच्या आत असतं. छातीवर नसतं."

मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. खाली नाव नसलेलं पत्रक म्हणजे निनावी चिठ्ठी, असं बाबा म्हणायचे. नाव नसलेली साक्ष म्हणजे अफवा. तुम्ही चाळीस वर्षं या क्लबच्या बंदुकांचे दस्ते करताय, तुमच्या शब्दाला वजन आहे, ते तुम्ही बायकांना द्यायला नको का? मी पुष्कळ बोलले. ते ऐकत होते, आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाले. नको.

मी नाव घातलं.

ही गोष्ट मला कुठल्याही बाजूने मऊ करून सांगता येत नाही. गैरसमज नव्हता, घाई नव्हती. त्यांनी दोनदा नको म्हटलं आणि मी घातलं. मी स्वतःला सांगितलं की हा माणूस घाबरत नाही, फक्त नम्र आहे, आणि नम्र माणसाला पुढे आणणं हेच तर पत्रकाचं काम. बायकोच्या वतीने उत्तरं देणाऱ्या त्या गृहस्थावर मी पोट धरून हसले होते.

पत्रक गाजलं. फोनवरून फिरलं, एका इंग्रजी पेपरच्या पुरवणीत त्यावर चार ओळी आल्या. क्लबच्या कमिटीत वाद झाला आणि तीन आठवड्यांत आम्ही जिंकलो. क्लबने बायकांसाठी दोन नव्या परदेशी बंदुका घेतल्या. त्यांच्या दस्त्याला स्क्रू होते. एक किल्ली फिरवली की लांबी कमी, दुसरीकडून फिरवली की गालाखालचा भाग वर. पाच मिनिटांत कुणाच्याही मापाची. सोडून गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. मी फोनवर बाबांना ओरडून सांगितलं, आणि म्हैसूरपाकाचा डबा घेऊन शिवाजीनगरला गेले.

अण्णा बाकाशी बसले होते. फडकं बाकावर पसरलेलं होतं, त्याखाली काही नव्हतं. बाकाच्या कडेवर एकही आकडा नव्हता. मी बातमी सांगितली. त्यांनी म्हैसूरपाकाचा एक तुकडा खाल्ला, फडक्याला हात पुसले.

"चांगलं झालं की, मॅडम," ते म्हणाले.

मी तो शब्द ऐकला आणि मग बाकीचं सगळं दिसलं. खोदून विचारल्यावर कळलं की दुकानमालकांचा बहुतेक धंदा त्या क्लबवर चालायचा. क्लबच्या सेक्रेटरीने मालकांना फोन करून एवढंच विचारलं होतं की, तुमच्या दुकानातला माणूस आमच्याविरुद्ध साक्ष देतो का. मालक वाईट नव्हते. त्यांनी अण्णांना महिनाअखेरपर्यंत बसू दिलं होतं, मात्र कामाला हात लावायचा नाही या अटीवर. आणि परवाना असलेल्या दुकानाबाहेर बंदुकीचं काम करायला कायदा परवानगी देत नाही. घरी, अंगणात, ओळखीने, कसंच नाही. बाक गेला म्हणजे काम गेलं.

मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही?

"सांगितलं होतं की," ते म्हणाले. रागाने नाही. टेपचा आकडा वाचावा तसं.

मग मला बोलायचं म्हणून मी बोलत सुटले. मी मालकांशी बोलते, मी क्लबला जाब विचारते, पत्रकात काही चुकीचं असेल तर मी माफी छापते. ते म्हणाले, त्यात चूक काहीच नाही. चूक असती तर दुरुस्त करता आली असती.

शलाकाचे सहा आठवडे पुढच्या शुक्रवारी संपत होते. ती गेली तेव्हा बाकाच्या जागी काडतुसांच्या पेट्या होत्या. तो दस्ता दुसऱ्या कुणाकडून कापून घ्यायला तिने नकार दिला. चाचणीला ती बोटभर लांब बंदूक घेऊन गेली. मी रेंजच्या कडेला, कानात कापूस घालून उभी होते. शेवटच्या फेरीत दमल्यावर तिचा कोपर हळूहळू बाहेर पडू लागला, कमरेतून ती मागे झुकू लागली, आणि तबकड्या न फुटता अख्ख्याच गवतात पडू लागल्या. तिची निवड झाली नाही. बसमधून येताना ती मला म्हणाली, "बोटभराने काही होत नसतं गं. माझाच दम कमी पडला." ती चांगली मुलगी आहे. पुढे तिला नागपुरात काम मिळालं आणि ती बंदूक, पट्टा आणि कागदात गुंडाळलेली चकती घेऊन निघून गेली.

अण्णांना शोधायला मला धीर व्हायला पाच महिने लागले. रिकाम्या हाताने जाववेना, म्हणून मी मला येतं तेच केलं. नवं पत्रक लिहिलं. एका कारागिरावर झालेल्या अन्यायाबद्दल. क्लब, दुकान, कायदा, सगळ्यांना झोडलं, आणि स्वतःलाही. रात्रंदिवस घासून लिहिलेलं ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं.

ते त्यांच्या पुतण्याच्या दुकानात होते. त्याच बाजारात, चार गल्ल्या पलीकडे, शाळेचे गणवेश आणि युनिफॉर्म दुरुस्त करून देणारं अरुंद दुकान. अण्णा कटाईच्या फळीशी उभे होते, गळ्यात तीच टेप. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. बरी आहात ना विचारलं, शलाकाची चौकशी केली. तिने बोट काढून घेतलं का, विचारलं. मी नाही म्हटलं.

मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, दुसऱ्यांदा वरून खाली नजर फिरवली.

"यातही माझं नाव आहे, मॅडम," ते म्हणाले.

तेवढ्यात एक पोलीस बाई आल्या. लहानखुऱ्या, शलाकाएवढ्याच. खात्याकडून मिळालेला शर्ट त्यांच्या खांद्यावरून उतरून दंडावर यायचा, बाह्या बोटांपर्यंत. तो त्यांनी आधीच दुरुस्तीला टाकला होता, काम सकाळीच झालं होतं. अण्णांनी त्यांना तो चढवायला लावला, तोवर फडताळाकडे तोंड करून उभे राहिले आणि मग वळून म्हणाले, दोन्ही हात समोर धरा, डोळे मिटा, आता उघडा. बाई हसल्या. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतो आहे. अण्णा बाहीच्या टोकाकडे बघत होते, कपाळाला तीच आठी घालून, जशी मी त्यांच्या कपाळावर बाकाशी कितीदा पाहिली होती. बाह्यांचे कापलेले तुकडे त्यांनी फळीवरून उचलले, नीट एकावर एक ठेवले, आणि गुंडाळायला कागद शोधू लागले. जवळ माझंच पत्रक होतं. त्यांनी ते पाठकोऱ्या बाजूने उलटं केलं आणि तुकडे त्यात बांधले. कोरी बाजू बाहेर, नाव आत.

मी उठले, पायरी उतरले. मागून त्यांचा आवाज आला, जुना, सावकाश.

"अक्का, आठ दिवसांनी परत यायचं. आत्ता बोटभर जास्त ठेवलं आहे."

मी वळले. ते त्या पोलीस बाईंशी बोलत होते.